फुकटचा अंधार

शाळेत सिनेमा दाखवायचा म्हटलं की लोकांना वाटतं, अडचण प्रोजेक्टरची असणार. खरी अडचण उजेडाची. आमची शाळा मुंबईच्या गिरणगावातली, मराठी माध्यमाची, दोन पाळ्यांची, शिवाय संध्याकाळी कामगारांची रात्रशाळा. प्रत्येक वर्गाला पुरुषभर उंचीच्या चार खिडक्या. ज्याने कोणी ती इमारत बांधली त्याने हवा-उजेडाचा अगदी मनापासून विचार केला होता, आणि नेमका तोच माझ्या मुळावर आला होता.

मी १९७० च्या जूनमध्ये तिथे विज्ञान शिकवायला लागले. बी.एड.ला दृक्‌श्राव्य साधनं हा विषय होता आणि त्यात एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचा तो प्रसिद्ध शंकू. तळाला प्रत्यक्ष अनुभव, टोकाला नुसते शब्द, मध्ये कुठेतरी चित्रपट. (हल्ली त्या शंकूवर 'वाचलेलं दहा टक्के लक्षात राहतं, पाहिलेलं तीस टक्के' असे आकडे चिकटवून फिरवतात. डेलच्या १९४६ च्या मूळ आकृतीत एकही टक्का नाही. कोणीतरी मागाहून घुसडलेत.) परीक्षेत शंकू सुबक काढला, गुण मिळाले, आणि नोकरीला लागल्यावर कळलं की दृक्‌श्राव्य साधनं म्हणजे प्रयोगशाळेमागच्या खोलीतलं एक कुलूपबंद कपाट.

कपाटात तीन वस्तू होत्या. माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेला सोळा मिलिमीटरचा बोलका प्रोजेक्टर, छापील चित्र भिंतीवर मोठं करून पाडणारा एक एपिडायास्कोप आणि पत्र्याचा एक काळा मॅजिक लँटर्न. लँटर्न कोणाच्या काळातला, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. आमचे मुख्याध्यापक त्याला शांबरिक खरोलिका म्हणत. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९० च्या दशकात काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ या नावाने गावोगाव केले, हे मला पहिल्यांदा त्यांच्याकडूनच कळलं.

प्रोजेक्टर चालवायला शिकले एका तीन दिवसांच्या शिबिरात. तिथे पुरुष शिक्षकांना फिल्म चढवायला दिली आणि आम्हा तिघीजणींना बघायला बसवलं. मग शाळा सुटल्यावर आमच्या शिपाईमामांना सोबत घेऊन, बाद झालेल्या एका रिळावर मी महिनाभर हात बसवला. वरचं रीळ, दात्यांचं चाक, मग एक सैल लूप, मग गेट, पुन्हा लूप, आवाजाचा ड्रम, खालचं रीळ. लूप बोटभर कमी पडला की पडद्यावर चित्र लटपटायला लागतं आणि यंत्र खडखडतं. तो खडखडाट मी अजून झोपेतही ओळखेन. दिवा ११० व्होल्टचा, त्यामुळे शेजारी एक जड ट्रान्सफॉर्मर घूं करत बसलेला. चारशे फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं आणि ते चढवायला मला आधी पंधरा मिनिटं लागत. पुढे दीडवर आले.

एवढं शिकून पहिला खेळ केला तो सपशेल पडला. खिडक्यांना सतरंज्या बांधल्या, दाराला जाजम लावलं, तरी फटीफटीतून ऊन येतच राहिलं. पडद्यावर बेडकाचं हृदय चाललं होतं म्हणे. मुलांना दिसले ते पांढऱ्यावर हलणारे करडे डाग. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, बेडूक गेला वाटतं." तेव्हापासून प्रोजेक्टर पुन्हा कपाटात गेला.

३ डिसेंबर १९७१, शुक्रवार. संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या हवाई तळांवर हल्ले केले आणि मध्यरात्रीनंतर इंदिरा गांधी रेडिओवर बोलल्या. मुंबईत ब्लॅकआऊट सुरू झाला, म्हणजे रात्री बाहेर उजेड दिसू द्यायचा नाही. मोटारींच्या दिव्यांवर अर्धा काळा रंग आला, जिन्यात वाळूच्या बादल्या आल्या. सोमवारी शाळेत गेले तर मुख्याध्यापकांनी सूचना काढलेली: रात्रशाळा चालू ठेवायची आहे, तेव्हा रस्त्याकडच्या सगळ्या काचा आजच्या आज काळ्या करा.

काळा कागद तोवर बाजारातून गायब झाला होता. जो मिळाला तो थोडा, बाकी आम्ही जुन्या वर्तमानपत्रांना काजळी आणि सरस फासून केला. मामांनी मैद्याची खळ शिजवली, तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकला. आठवी 'ब'ची पोरं शिड्यांवर चढली. आधी काचेवर फुलीसारख्या पट्ट्या, म्हणजे हादऱ्याने काच फुटली तरी तुकडे उडायचे नाहीत, आणि त्यावर काळा कागद. दुपारी अडीचच्या सुमाराला शेवटचं तावदान झाकलं आणि वर्ग अंधारला. मुलांनी आरडाओरडा केला, कोणीतरी मांजरासारखं ओरडलं. मी मात्र तिथेच उभी राहून बघत होते. ज्याच्यासाठी सतरंज्या बांधल्या होत्या तो अंधार युद्धाने फुकट आणून दिला होता. असं वाटल्याची तेव्हा लाज वाटली होती.

मामांना म्हटलं, "कपाटाची किल्ली आणा."

सुरुवात प्रोजेक्टरने केली नाही. हाताशी फिल्मच नव्हती. पण मॅजिक लँटर्न होता आणि मुलांना भोंग्याचं शिकवायचं होतं. वरखाली होणारा भोंगा म्हणजे धोका, एकसुरी भोंगा म्हणजे धोका टळला. गिरणगावातली मुलं गिरण्यांच्या भोंग्यांवरच वाढलेली, कुठल्या गिरणीचा कुठला हे त्यांना कान न देता कळायचं. तरी पहिल्या रात्री घरोघरी गोंधळ झाला होता, कारण अर्धवट झोपेत कोणता भोंगा काय सांगतो हे कोण लक्षात ठेवणार?

काचेच्या तुकड्यावर कंदिलाची काजळी धरली, काच निवू दिली आणि टाचणी एकेकाच्या हातात देऊन सांगितलं, धोक्याचा भोंगा काढ. मुलं टाचणीने नागमोडी रेघ ओढत, काच लँटर्नमध्ये सरकवली की भिंतीवर काळ्यावर पांढरीशुभ्र लाट उमटे. मग दुसऱ्या काचेवर सरळ रेघ. एका मुलीने विचारलं, "बाई, आवाज खरंच असा दिसतो का?" मग नादकाट्याच्या टोकाला मेणाने ताठ केस चिकटवला, काटा वाजवला आणि केस काजळीवरून झरकन ओढला. ती काच लावल्यावर भिंतीवर जे उमटलं ते मुलीने काढलेल्या नागमोडीपेक्षा कितीतरी बारीक आणि नेमकं होतं. इथे मला जरा खुलासा करावा लागला: ही लाट नादकाट्याच्या थरथरण्याची, आणि भोंग्याची आपण काढलेली नागमोडी म्हणजे सूर वर-खाली होण्याची, दोन्ही एक नाहीत. तो फरक पाठ्यपुस्तकातून समजावायला मला एरवी आठवडा लागला असता.

मग ते भोक.

मंगळवारी की बुधवारी, नक्की आठवत नाही, रस्त्याकडच्या खिडकीशी बसणाऱ्या एका कार्ट्याने कंटाळून कर्कटकाने काळा कागद टोकरला. पेन्सिल घालून भोक वाटाण्याएवढं केलं. मी फळ्याकडे तोंड करून होते. दिवा बंद होता, कारण लँटर्न लावायचा होता. मागे अचानक इतकी शांतता झाली की मी घाबरून वळले. सगळा वर्ग खिडकीसमोरच्या भिंतीकडे बघत होता.

भिंतीवर समोरची चाळ उलटी लटकत होती. दुपारचं ऊन तिच्यावर पडलेलं, त्यामुळे रंगसुद्धा दिसत होते, फिके, पाण्यात भिजल्यासारखे. गॅलरीत वाळत घातलेली लुगडी खालून वर फडफडत होती. आमचा वर्ग पहिल्या मजल्यावर, म्हणून आकाश भिंतीच्या तळाला, बाकांच्या मागे, आणि रस्ता अगदी वर छताजवळ. एक लाल डबलडेकर छताला चाकं लावून आली आणि डोक्यावरून निघून गेली. "दादरची!" एकजण ओरडला. "हॅट, दादरची तिकडे जाते," दुसरा. यावर जे भांडण पेटलं ते मी मुद्दाम मिटवलं नाही. डावं-उजवंही उलटतं हे त्यांचं त्यांनीच पाचेक मिनिटांत काढलं. त्यासाठी एकाला खाली फाटकाशी पिटाळला आणि उजवा हात हलवायला लावला.

पुढचे तीन तास मी वेळापत्रक मोडलं. शेजारच्या वर्गावरच्या संस्कृतच्या सरांचा वाचायचा चष्मा मागून आणला. भोक मोठं केलं तर चित्र उजळतं पण फिसकटतं. त्या मोठ्या भोकाशी चष्म्याचं भिंग धरलं आणि अर्ध्या मीटरवर कोरा कागद धरला की तेच चित्र छोटं, पण धारदार. भिंग, प्रतिमा, नाभी हे शब्द मी त्या दिवशी उच्चारलेही नसतील. मात्र प्रोजेक्टर उघडून दाखवल्यावर एक मुलगी म्हणाली, "म्हणून फिल्म उलटी चढवता होय!" आणि मला कळलं की हिला आता शिकवण्यासारखं काही उरलेलं नाही.

संध्याकाळी नागरी संरक्षणाचा वॉर्डन आला. रात्रशाळेचा दिवा त्या भोकातून रस्त्यावर दिसत होता. त्याचं बरोबरच होतं. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं, "बाई, तुम्ही विमानांना खुणा करताय का?" असं गंभीरपणे विचारलं आणि मग हसले. मी पुठ्ठ्याचं झाकण केलं आणि चिकटपट्टीची बिजागरी लावून टाकली. दिवसा उघडायचं, पाच वाजता बंद करायचं. ते काम ज्याने भोक पाडलं त्याच्याचकडे दिलं, आणि त्याने ते पंधरवडाभर कधी चुकवलं नाही.

एपिडायास्कोपचं काम भूगोलाच्या बाईंनी घेतलं. ६ डिसेंबरला भारताने बांगलादेशाला मान्यता दिली होती आणि पुस्तकातल्या नकाशावर अजून पूर्व पाकिस्तानच. वर्तमानपत्रातला नकाशा कापून यंत्राखाली ठेवायचा, भिंतीवर मोठा चार्टपेपर लावायचा, आणि पडलेल्या प्रतिमेवर मुलांनी कोळशाने गिरवायचं. दिवा इतका तापे की दोन मिनिटांत कात्रण तांबूस पडून कडेने वळायचं, एकाला तर धूर आला. म्हणून पद्मा-मेघना गिरवायला एक गट, सीमा गिरवायला दुसरा, असं पळत पळत काम. त्यात 'जमुना' नावाची नदी पाहून सगळे अडले. यमुना तिकडे कशी गेली? आसामातून येणाऱ्या ब्रह्मपुत्रेला तिथे जमुना म्हणतात हे त्या वर्गातला एकही मुलगा पुढे विसरला नसेल.

आता जे चुकलं ते.

फिल्म मिळवणं तेव्हा अवघड नव्हतं. पेडर रोडवर फिल्म्स डिव्हिजन होतं, परदेशी वकिलातींच्या माहिती केंद्रांतून विज्ञानाची रिळं उसनी मिळत. मला एका ओळखीने नागरी संरक्षणावरचं एक जुनं रीळ मिळालं. सोमवारी, १३ तारखेला, ते दाखवायचं ठरवलं. पंचावन्न मुलं, खिडक्या बंद, मोठा दिवा. वर्ग भट्टीसारखा तापला होता. मी रीळ आधी पाहिलं नव्हतं. हे वाक्य लिहिताना आजही कसंतरी होतं, कारण बी.एड.ला पहिला नियम हाच शिकवला होता.

त्यापूर्वी चारच दिवस, ९ डिसेंबरच्या रात्री, दीवजवळच्या समुद्रात आपली युद्धनौका 'खुकरी' बुडाली होती. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. वर्गातल्या एका मुलीचा भाऊ नौदलात होता. तो दुसऱ्या जहाजावर होता, पण त्याचं पत्र आलेलं नव्हतं. हे मला माहीत होतं.

तिसऱ्या मिनिटाला पडद्यावर बॉम्ब पडला. आवाज मी चांगला मोठा ठेवलेला. ती मुलगी कवायतीत शिकवलं होतं तश्शी कान झाकून बाकाखाली गेली. तिच्यामागे तिची रांग, मग अर्धा वर्ग. काही हसत होते, काही खरंच घाबरले होते, अंधारात कोण कोणता ते कळेना. मी होते सगळ्यात मागे, प्रोजेक्टरजवळ, आणि मला फक्त डोक्यांच्या सावल्या दिसत होत्या. दिवा लावेपर्यंत दहा-बारा सेकंद गेले असतील. ती बाकाखालून बाहेर यायला तयार नव्हती. भूगोलाच्या बाईंनी तिला आपल्या शेजारी बसवून चहा दिला.

दुसऱ्या दिवशी मी तेच रीळ पुन्हा लावलं. मुख्याध्यापकांनी नको म्हटलं होतं. मी म्हटलं, अर्धवट सोडलं तर मुलांच्या डोक्यात फक्त तो बॉम्ब राहील. यावेळी आवाज पूर्ण बंद. यंत्राशी मामा, मी पुढे पडद्याच्या बाजूला, तोंड मुलांकडे. हात वर केला की मामांनी थांबवायचं. स्थिर चित्र फार वेळ ठेवता येत नाही, दिव्याच्या उष्णतेने फिल्मला फोड येतो, म्हणून थांबायचं, यंत्राचा दिवा घालवायचा, वर्गाचा लावायचा आणि बोलायचं. हा माणूस पालथा का झोपला? कोपरं टेकून छाती जमिनीपासून उचलून का धरली? दातांत रुमाल कशाला? अकरा मिनिटांच्या रिळाला पाऊण तास लागला. त्या मुलीला आधी विचारलं होतं, बाहेर बसतेस का. ती आत बसली आणि बॉम्बच्या आधी मी सांगितलं, आता बॉम्ब पडेल, मोजा. स्फोट किती सेकंद दिसतो ते सगळ्यांनी मोजलं. चार.

ही पद्धत माझी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या शिक्षण कार्यालयाने कारखान्यांतल्या नव्या कामगारांना शिकवण्यासाठी १९४१ ते १९४५ मध्ये ४५७ बोलपट काढले. जवळपास प्रत्येकासोबत एक मूक फिल्मस्ट्रिप असे, आणि शिक्षकासाठी पुस्तिका. बोलपट दाखवायचा, मग पट्टीवर एकेक चित्र थांबवून चर्चा, मग यंत्राशी उभं करायचं. बी.एड.च्या वाचनालयात हे वाचताना मला ती पट्टी म्हणजे गरिबाची फिल्म वाटली होती. माझ्याकडे पट्टी नव्हती, म्हणून मामांचा हात आणि दिव्याचं बटण यांवर काम भागवलं. नुसती सलग फिल्म दाखवून मुलं काही शिकतात, यावर माझा त्या सोमवारपासून विश्वास नाही.

त्याच आठवड्यात एक गंमत झाली. माझ्याकडे प्रकाशाच्या अपवर्तनावरचं एक रीळ उसनं आलेलं होतं, अमेरिकन माहिती केंद्रातून. तेवढ्यात अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाल्याच्या बातम्या आल्या. स्टाफरूममध्ये वातावरण तापलं. अमेरिकेची फिल्म आमच्या मुलांना? आत्ता? एकाने रीळ तसंच परत करा म्हटलं, दुसऱ्याने परत तरी कशाला करायचं म्हटलं. संस्कृतचे सर, ज्यांचा चष्मा अजून माझ्याकडेच होता, वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "प्रकाशाचे नियम काय निक्सनने केलेत?"

शेवटी तडजोड झाली. सुरुवातीची नावं वगळून रीळ पुढे फिरवून चढवायचं आणि आवाज बंद. तसाही तो अमेरिकन उच्चार आमच्या मुलांना कळणार नव्हताच, मला निम्मा कळत होता. निवेदन मी मराठीतून केलं. पाण्यात वाकलेली काठी, काचेतून जाणारा किरण, लोलक. छान रीळ होतं, खरं सांगायचं तर. नेमकं लोलकापाशी तुटलं. फिल्मवरचा इमल्शनचा थर खरवडून फिल्म चिकटवायच्या सिमेंटने जोडायला मला दहा मिनिटं लागली. तोवर भोकाचं झाकण उघडा, बाई, अशी मागणी आली आणि चाळ पुन्हा भिंतीवर लटकली. त्या दिवशी गॅलरीत कोणीतरी गहू निवडत बसलं होतं. मुलं अपवर्तन सोडून सुपातले गहू वर कसे पडतात तेच बघत बसली.

१६ तारखेला, गुरुवारी, ढाक्यात शरणागती झाली. शुक्रवारी रात्री आठपासून पश्चिमेलाही युद्ध थांबलं. त्या मुलीच्या भावाचं पत्र पुढच्या आठवड्यात आलं. तिने ते वर्गात आणलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक झालं.

ब्लॅकआऊट उठल्यावर मुख्याध्यापकांनी खिडक्या साफ करायला सांगितल्या. मी दोन वर्ग तसेच ठेवा म्हणून अर्ज केला, तो नामंजूर झाला. पंख्याविना मुलं उकडून निघत होती, त्यांचंही खरं होतं. मामांनी बादलीभर गरम पाणी आणि जुनी ब्लेडं आणली. खळ चांगली शिजलेली, मोरचूद घातलेला, त्यामुळे कागद सहजी सुटेना. आठवी 'ब'मधली चार-पाच मुलं माझ्याकडे आली. त्यांचं म्हणणं, बाकीचं सगळं काढा, ते भोक तेवढं ठेवा.

मी मामांना तसं सांगितलं. मामा शिडीवर होते, हातात ब्लेड. त्यांनी त्या तावदानाकडे बघितलं, झाकण उघडून बघितलं, पुन्हा लावलं.

"ठेवतो की," म्हणाले. "पण बाई, भोवतीचा कागद काढला तर भोक ठेवायचं कशात?"

मग त्यांनी तेवढं तावदान तसंच सोडून दिलं आणि शिडी पुढच्या खिडकीशी नेली.